नवा सिग्नल कन्व्हर्टर आणि साताऱ्याच्या हवेचा दाब

आपल्या प्रश्नाचा आशय आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढील उत्तर कशाला उद्देशून आहे ते स्पष्ट राहील. साताऱ्याजवळच्या एका डिस्टिलरीत स्पेंटवॉशपासून (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यापासून) तयार होणारा बायोगॅस ब्लोअरमार्फत बॉयलरकडे जातो. त्या लाइनवर ऑरिफिस प्लेट (मध्ये छिद्र असलेली चकती), तिच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक, म्हणजे डीपी, मोजणारा डीपी ट्रान्समीटर, गेज दाबाचा (हवेच्या दाबाच्या वर असलेल्या दाबाचा) ट्रान्समीटर, पीटी-१०० (तापमानाबरोबर रोध बदलणारा तापमापक) आणि कंपन पावणाऱ्या नळीचा घनतामापक बसवलेला आहे. या सर्वांचे सिग्नल एकत्र घेऊन प्रवाह आणि घनता दाखवणारा जुना सिग्नल कन्व्हर्टर बंद पडला, म्हणून नवा बसवला. परंतु जुन्यातील सेटिंग्ज कोणीही लिहून ठेवलेली नव्हती. नव्यात माहिती भरल्यानंतर तीन गोष्टी जुळत नाहीत. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असतानाही ताशी १२० नॉर्मल घनमीटरच्या (० अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीच्या दाबाला आणून मोजलेल्या घनमीटरच्या) आसपास प्रवाह दिसतो. गॅस चालू असताना प्रवाह पूर्वीच्या नोंदींपेक्षा सुमारे सात टक्के जास्त येतो. आणि घनतेवरून काढलेले मिथेनचे प्रमाण ६७ ते ६८ टक्के दिसते, तर प्रयोगशाळेच्या तपासणीत ते ६० टक्केच भरते.

आपण पाठवलेले आकडे मी कागदावर मांडून पाहिले. माझ्या मते कन्व्हर्टर निर्दोष आहे. या तक्रारींमागे मिळून तीन वेगवेगळी कारणे आहेत, त्यांपैकी एक तर आपल्या गावाच्या उंचीत आहे, आणि तिन्ही कारणे आकड्यांनी सिद्ध करता येतात. तथापि, केवळ त्या तीन ठिकाणी हात लावून थांबू नये. कोरा कन्व्हर्टर सुरुवातीपासून कोणत्या क्रमाने भरावा आणि प्रत्येक पायरीवर काय पडताळावे, हे एकदा नीट करून घेतले, तर पुढे कोणी आकड्यावर शंका घेतली तरी आपल्याकडे उत्तर राहील.

सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की कन्व्हर्टर प्रत्यक्षात फारच थोडे मोजतो. आपल्या मांडणीत तो दोन ट्रान्समीटरचे करंट मोजतो, एक रोध मोजतो आणि घनतामापकाचा कंपनकाल मोजतो. बाकी जे काही पडद्यावर दिसते, ते आपण भरलेल्या स्थिरांकांवर केलेले गणित असते. स्थिरांक चुकला तर तो कोणतीही तक्रार न करता चुकीचे उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत दाखवतो. म्हणून मी कॉन्फिगरेशनला बसताना प्रथम लॅपटॉप उघडत नाही, फाइल उघडतो. घनतामापकाचे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, ऑरिफिस प्लेटचा हिशोबाचा कागद आणि तिन्ही उपकरणांच्या पाट्यांवरील रेंज या गोष्टी टेबलावर आल्याशिवाय एकही आकडा भरू नये.

सुरुवात इनपुटपासून करावी. आपला डीपी ट्रान्समीटर ० ते २.५ किलोपास्कल, दाबाचा ट्रान्समीटर ० ते १०० किलोपास्कल गेज, आणि तापमानासाठी थेट पीटी-१०० असे आपण लिहिले आहे. लूप कॅलिब्रेटरने (ठरावीक करंट देणाऱ्या उपकरणाने) डीपीच्या टर्मिनलवर ४ (म्हणजे रेंजचे शून्य), ८, १२, १६ आणि २० (म्हणजे पूर्ण रेंज) मिलिअँपिअर द्यावेत आणि कन्व्हर्टरच्या निदान पानावर दाब किती दिसतो ते पाहावे. १२ मिलिअँपिअरला १.२५ किलोपास्कल दिसलेच पाहिजेत. दाबाच्या इनपुटला ८ मिलिअँपिअर दिल्यास २५ किलोपास्कल गेज यावेत. पीटी-१०० च्या जागी रोधाचा डबा जोडून ११३.६१ ओहम द्यावेत, तेव्हा ३५ अंश सेल्सिअस दिसावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण अर्ध्या तासाचे आहे.

याच वेळी वर्गमूळ कोण काढते ते ठरवून टाकावे. ऑरिफिसचा प्रवाह डीपीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, आणि हे वर्गमूळ ट्रान्समीटरही काढू शकतो, कन्व्हर्टरही काढू शकतो. दोघांनी काढले तर प्रवाह एक चतुर्थांश घाताने चालतो. डीपी स्पॅनच्या, म्हणजे पूर्ण रेंजच्या, २५ टक्के असताना प्रवाह ५० टक्के यायला हवा. दुहेरी वर्गमुळात तो ७१ टक्के येतो. पूर्ण प्रवाहाला मात्र दोन्ही हिशोब १०० टक्क्यांवर जुळतात, म्हणून २० मिलिअँपिअर देऊन केलेली तपासणी ही चूक पकडत नाही. घनतेची दुरुस्ती करणाऱ्या कन्व्हर्टरला नेहमी रेषीय डीपीच द्यावा आणि वर्गमूळ त्यालाच काढू द्यावे.

येथे एक गोष्ट जोडून सांगतो, कारण बायोगॅसच्या लाइनवर बहुधा ट्विन लोब ब्लोअर (दोन फिरत्या पाकळ्यांनी गॅस ढकलणारा) असतो आणि त्याच्या ठोक्यांमुळे डीपी सतत थरथरत असतो. आकडा स्थिर दिसावा म्हणून बरेच जण ट्रान्समीटरचे डॅम्पिंग (सिग्नलची थरथर दाबणारे सेटिंग) वाढवतात. तसे केल्याने आधी डीपीची सरासरी होते आणि नंतर तिचे वर्गमूळ निघते. पण बदलत्या डीपीच्या सरासरीचे वर्गमूळ हे वर्गमुळांच्या सरासरीपेक्षा नेहमी मोठे असते, त्यामुळे प्रवाह थोडा जास्त दिसतो. डॅम्पिंग ट्रान्समीटरमध्ये कमीत कमी ठेवावे आणि सरासरी कन्व्हर्टरमध्ये, वर्गमूळ काढून झाल्यानंतर करावी.

आता बंद व्हॉल्व्हवर दिसणाऱ्या १२० घनमीटरकडे येतो. आपल्या ऑरिफिसच्या हिशोबाने पूर्ण २.५ किलोपास्कलला ताशी सुमारे १,७३० नॉर्मल घनमीटर येतात. १२० म्हणजे त्याच्या ७ टक्के, आणि ७ टक्के प्रवाहाला लागणारा डीपी म्हणजे स्पॅनचा केवळ अर्धा टक्का. दुसऱ्या शब्दांत, डीपी ट्रान्समीटरचे शून्य सव्वा मिलिमीटर पाण्याएवढे सरकले आहे, एवढेच घडले आहे. वर्गमुळाचा वक्र शून्याजवळ फार उभा असतो, त्यामुळे तेथे राईएवढी चूक डोंगराएवढी दिसते. डीपी ट्रान्समीटरच्या तीन व्हॉल्व्हच्या मॅनिफोल्डवर (जोडणीवर) एक बाजू बंद करून मधला, दोन्ही बाजूंचा दाब समान करणारा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह उघडावा, नंतर दुसरी बाजूही बंद करावी, दोन मिनिटे थांबावे आणि मग ट्रान्समीटरचे शून्य करावे. शून्य लाइनच्या दाबावरच करावे, वातावरणाला उघडून करू नये.

शून्य करण्याआधी इम्पल्स लाइनमध्ये (ऑरिफिसपासून ट्रान्समीटरकडे दाब नेणाऱ्या नळ्यांमध्ये) पाणी नाही याची खात्री करून घ्यावी, नाहीतर आपण पाण्यासकट शून्य कराल. बायोगॅस ओला असतो. एका बाजूच्या नळीत १० मिलिमीटर पाणी साचले तर डीपीत स्पॅनच्या ४ टक्के चूक येते, आणि तीच चूक शून्य प्रवाहाला २० टक्के प्रवाह म्हणून दिसते. टॅपिंग (या नळ्या पाइपला जेथे जोडतात ते तोंड) पाइपच्या वरच्या बाजूने निघालेले असावे, ट्रान्समीटर पाइपपेक्षा उंचीवर असावा आणि नळ्यांना पाइपकडे सलग उतार असावा, मध्ये कोठेही पोट नसावे. हे सर्व झाल्यावरच कन्व्हर्टरमधील अल्प प्रवाहाची मर्यादा (जिच्याखाली प्रवाह शून्य धरला जातो ती) घालावी. मी ती साधारणपणे डीपीच्या अर्ध्या ते एक टक्क्यावर ठेवतो. शून्य न सुधारता नुसती ही मर्यादा वाढवली, तर बंद व्हॉल्व्हवरचा आकडा नाहीसा होतो, पण चालू प्रवाहातील चूक तशीच राहते आणि ती दिसायचे साधनही निघून जाते.

घनतामापकाचा भाग सर्वांत नाजूक आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ देतो. आत धातूची पातळ नळी आपल्या नैसर्गिक वारंवारितेने कंप पावत असते आणि तिला लागून असलेला गॅसही तिच्याबरोबर हलतो. गॅस जितका जड, तितका कंपनकाल लांबतो. कन्व्हर्टर हा काल मायक्रोसेकंदांत मोजतो आणि सर्टिफिकेटवरील तीन गुणांक वापरून घनता काढतो: के-शून्य, अधिक के-एक गुणिले कंपनकाल, अधिक के-दोन गुणिले कंपनकालाचा वर्ग. सूत्र शाळेतील वर्गसमीकरणाचे आहे, पण त्यात दोन मोठ्या, जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी होते, आणि तेथेच सगळा धोका आहे.

समजुतीसाठी के-शून्य उणे १०६, के-एक उणे ०.०२ आणि के-दोन ०.०००४२ घ्या. कंपनकाल ५३० मायक्रोसेकंद असेल तर घनता १.३७८ किलो प्रति घनमीटर येते; ५२९ असेल तर ०.९५३. म्हणजे एका मायक्रोसेकंदाला ०.४२५ किलोचा फरक. आता के-दोन ०.०००४२ ऐवजी चुकून ०.०००४२१ भरला गेला, तर ५३० मायक्रोसेकंदांना घनता ०.२८ ने वाढते, म्हणजे २० टक्के चूक एका शेवटच्या अंकामुळे झाली. म्हणून सर्टिफिकेटवर जितके अंक छापलेले आहेत तितके सर्व भरावेत, काहीही पूर्णांकित करू नये, उणे चिन्ह आणि दहाचा घात दोनदा वाचावा. एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून ताडावे, ही जुनी पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे.

याखेरीज तापमान दुरुस्तीचे गुणांक असतात, त्यांचा संदर्भ बहुधा २० अंशांचा असतो; तेही त्याच कागदावरून घ्यावेत. गॅसमधील ध्वनिवेगाची दुरुस्ती असेल तर ती वगळू नये, कारण कॅलिब्रेशन ज्या वायूवर झाले त्याचा ध्वनिवेग आणि आपल्या गॅसचा ध्वनिवेग सारखा नसतो. ६० टक्के मिथेन आणि ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या बायोगॅसमध्ये ३५ अंशांना ध्वनिवेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर येतो, आणि नायट्रोजनमध्ये सुमारे ३५८. त्यामुळे आपल्या बाबतीत ही दुरुस्ती लहान राहील. पुढे आपल्या कारखान्याने गॅस शुद्ध करून सीबीजी (दाबून भरलेला बायोगॅस) काढायचे ठरवले, तर मात्र मिथेनमध्ये हा वेग ४५० च्या घरात जातो आणि हीच दुरुस्ती महत्त्वाची ठरते.

गुणांक भरून झाल्यावर घनतामापकाची पडताळणी नायट्रोजनवर करावी, असा माझा आग्रह आहे. आधी सुरक्षेबद्दल स्पष्ट लिहितो. स्पेंटवॉशच्या बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड मोठ्या प्रमाणात असतो. १०० भाग प्रति दशलक्ष एवढ्या प्रमाणातच तो जिवावर बेततो, आणि त्याच सुमारास नाकाला त्याचा वास येणे बंद होते. ‘वास येत नाही, म्हणजे गॅस नाही’ असे समजून कोणीही नळी उघडू नये. गॅस डिटेक्टर अंगावर असावा, दुसरा माणूस जवळ पण वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभा असावा, आणि नमुन्याची लाइन दोन्ही बाजूंनी बंद करून नायट्रोजनने सुरक्षित व्हेंटकडे धुऊन घ्यावी. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असले की मिश्रण पेट घेऊ शकते, हेही विसरू नये.

घनतामापक नायट्रोजनने पूर्ण भरल्यावर पुरवठा अगदी मंद ठेवून तो वातावरणाच्या दाबावर येऊ द्यावा आणि तापमान स्थिरावेपर्यंत थांबावे. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब ९३.२ किलोपास्कलच्या आसपास असतो. या दाबाला आणि ३० अंशांना नायट्रोजनची घनता १.०३६ किलो प्रति घनमीटर येते. कन्व्हर्टरवर १.०३ ते १.०४ दिसले, तर गुणांक, वायरिंग आणि कंपनकालाची मोजणी या तिन्ही गोष्टी एका दमात सिद्ध झाल्या. नायट्रोजन नसेल तर कोरड्या हवेवरही हे करता येते, तेव्हा त्याच स्थितीत १.०७ यावे, दमट हवेत ते एक टक्क्याने कमी येते, म्हणून मला नायट्रोजन अधिक पसंत आहे.

ही पडताळणी मी का सोडत नाही, त्याचा एक प्रसंग सांगतो. सांगली भागातील एका प्रकल्पात एकाच मॉडेलचे दोन घनतामापक दोन लाइनवर होते. मी सर्टिफिकेटवरून गुणांक काळजीपूर्वक भरले, दोनदा ताडले, तरी दोन्ही लाइनच्या घनता पटेनात. दोन दिवस मी वायरिंग, बॅरियर (लूपमधील ठिणगी टाळणारे सुरक्षा-उपकरण) आणि अर्थिंग तपासत राहिलो. शेवटी दोन्हींवर नायट्रोजन लावला. सांगलीला २८ अंशांवर १.०६ यायला हवे होते; एकावर ०.८७ आले आणि दुसऱ्यावर १.२५. एक जितका खाली, तितकाच दुसरा वर, हे पाहिल्यावर मी शिडीवर चढून घनतामापकाच्या पाटीवरची काजळी कापडाने पुसली आणि अनुक्रमांक वाचला. फाइलमध्ये दोन सर्टिफिकेटे अदलाबदल होऊन लागलेली होती. ती चूक माझी होती, कारण पाटी पहिल्या दिवशीच वाचायला हवी होती. तेव्हापासून सर्टिफिकेटवरील अनुक्रमांक पाटीशी जुळवल्याशिवाय मी एकही गुणांक भरत नाही. आपणही तेवढे आज करून घ्यावे.

घनतामापक लाइनच्या तापमानावर असणेही आवश्यक आहे. तो बायपासमध्ये असेल आणि दुपारच्या उन्हात तापत असेल, तर त्यातील गॅस लाइनपेक्षा गरम आणि म्हणून हलका होतो. तीन अंशांच्या फरकाला घनतेत एक टक्का चूक येते. नमुन्याच्या नळीसह त्यावर लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) करावे आणि वर पत्र्याची सावली द्यावी.

आता आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीचे मूळ. लाइनमधील घनता कळल्यावर कन्व्हर्टर ऑरिफिसवरून वस्तुमान प्रवाह काढतो, आणि त्याला प्रमाण घनतेने भागून नॉर्मल घनमीटर काढतो. प्रमाण घनता म्हणजे तोच गॅस ० अंश सेल्सिअस आणि १०१.३२५ किलोपास्कल या स्थितीत नेल्यास जी घनता येईल ती. ती काढण्यासाठी लाइनमधील निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेला, दाब लागतो. आपला ट्रान्समीटर गेज दाब देतो, त्यामुळे कन्व्हर्टर त्यात हवेचा दाब मिळवतो, आणि हा हवेचा दाब कोऱ्या कन्व्हर्टरमध्ये कारखान्यातूनच १०१.३२५ असा भरलेला येतो. तो समुद्रकिनाऱ्यावरचा आकडा आहे. मुंबईत किंवा रत्नागिरीत तो चालेल. साताऱ्यात चालणार नाही, आणि सुमारे ५५० मीटरवरच्या सांगलीतही चालणार नाही, तेथे तो ९५ च्या आसपास हवा.

आपल्या लाइनचा दाब २५ किलोपास्कल गेज आणि तापमान ३५ अंश आहे. खरा निरपेक्ष दाब ११८.२ किलोपास्कल, कन्व्हर्टर धरतो १२६.३. म्हणजे दाब ६.९ टक्के जास्त धरला गेला, प्रमाण घनता त्याच प्रमाणात कमी निघाली आणि नॉर्मल घनमीटर ६.९ टक्के वाढले. आपली ‘सुमारे सात टक्के’ ही तक्रार तंतोतंत हीच आहे. यावरून एक पडताळाही मिळतो: पडद्यावरील किलो प्रति तास हा आकडा पूर्वीच्या नोंदींशी जुळत असला पाहिजे, कारण घनता थेट मोजली जात असल्याने वस्तुमान प्रवाहात हवेचा दाब जवळजवळ येतच नाही. ते पान उघडून पाहावे. घनतामापक नसता आणि घनता दाब-तापमानावरून काढली असती, तर वर्गमुळामुळे हीच चूक सुमारे साडेतीन टक्के झाली असती आणि वस्तुमानातही शिरली असती.

मिथेनचा हिशोबही येथेच सुटतो. प्रमाण स्थितीत मिथेनची घनता ०.७१८ आणि कार्बन डायऑक्साइडची १.९७७ किलो प्रति घनमीटर. ६०-४० मिश्रणाची सुमारे १.२२ येते. कन्व्हर्टर उलट दिशेने, प्रमाण घनतेवरून मिथेनचे प्रमाण काढतो. आपल्या गॅसमध्ये बाष्पही आहे. ३५ अंशांना संपृक्त बाष्पाचा दाब ५.६ किलोपास्कल असतो, म्हणजे ११८.२ पैकी जवळजवळ पावणेपाच टक्के रेणू पाण्याचे आहेत, आणि पाणी या मिश्रणापेक्षा हलके असल्याने ओल्या गॅसची प्रमाण घनता १.२०१ होते. हे बाष्प गृहीत न धरणारा कन्व्हर्टर त्यावरून ६१.६ टक्के मिथेन दाखवेल. त्यावर चुकीचा हवेचा दाब चढवला की प्रमाण घनता १.१२४ वर उतरते आणि मिथेन ६७.७ टक्के होते. आपण पाहिलेला आकडा हाच. म्हणजे जादा दिसणाऱ्या पावणेआठ टक्क्यांपैकी सहाहून थोडे अधिक हवेच्या दाबाचे आणि उरलेले दीड-पावणेदोन बाष्पाचे आहेत.

उपाय दोन आहेत. कन्व्हर्टरमध्ये हवेचा दाब ९३.२ भरावा, किंवा गेजऐवजी निरपेक्ष दाबाचा ट्रान्समीटर बसवून हा प्रश्न कायमचा मिटवावा. खर्च परवडत असेल तर मी दुसरा सुचवेन. आकडा भरणार असाल तर तो प्रत्यक्ष मोजून घ्यावा, आणि येथे एका चकव्यापासून सावध राहावे. मोबाइलवरील हवामानाच्या ॲपमध्ये साताऱ्याचा दाब १००८ किंवा १०१० मिलिबार असा दिसतो. तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला दाब असतो, साताऱ्याच्या जमिनीवरचा नव्हे. तो भरला तर आपण पुन्हा मूळ चुकीवरच येऊन थांबाल. बॅरोमीटरचे थेट वाचन घ्यावे, किंवा निरपेक्ष दाबाचा कॅलिब्रेटर काही दिवस सकाळ-दुपार वाचून त्याची सरासरी घ्यावी. ऋतूनुसार त्यात काही मिलिबारांचा फरक पडतो, तो एक टक्क्याच्या आत राहतो.

बाष्पासाठी, कन्व्हर्टरमध्ये ओल्या गॅसचा पर्याय असेल तर तो निवडावा आणि कोरडे नॉर्मल घनमीटर दाखवायचे की ओले, हे बॉयलर विभागाशी बोलून लेखी ठरवावे. प्रयोगशाळा बहुधा कोरड्या गॅसचे प्रमाण देते. घनतेवरून काढलेले मिथेन हे गॅसमध्ये दोनच घटक आहेत या गृहीतकावर उभे असते. डायजेस्टरच्या (बायोगॅस तयार होतो त्या टाकीच्या) छतातून हवा शिरली किंवा हायड्रोजन सल्फाइड वाढला की ते बिघडते. त्याचा उपयोग कल पाहण्यासाठी करावा, हिशोबासाठी गॅस ॲनालायझरच प्रमाण मानावा.

प्रमाण तापमानही तपासावे. ‘नॉर्मल’ म्हणजे ० अंश आणि ‘स्टँडर्ड’ म्हणजे बहुतेक ठिकाणी १५ अंश. या दोहोंत साडेपाच टक्के फरक पडतो, आणि एका विभागाने एक व दुसऱ्याने दुसरे धरल्यामुळे महिन्याच्या हिशोबात वाद झालेले मी पाहिले आहेत. सीबीजी किलोवर विकला जातो, त्यामुळे तेथे हा घोळ होत नाही. आपल्याकडेही रोजच्या नोंदवहीत वस्तुमानाचा रकाना ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

ऑरिफिसचे मापदंड आयएसओ ५१६७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे भरताना पाइपचा अंतर्गत व्यास नाममात्र आठ इंच न भरता प्रत्यक्ष २०२.७ मिलिमीटर भरावा, प्लेटचे छिद्र १२० मिलिमीटर, टॅपिंगचा प्रकार फ्लँज, आयसेंट्रॉपिक घातांक (गॅस प्रसरण पावताना दाब आणि घनता यांचे नाते सांगणारा आकडा) १.३ आणि व्हिस्कॉसिटी (गॅसचा चिकटपणा) ०.०१२५ सेंटिपॉइज. व्हिस्कॉसिटीचे एकक पाहून भरावे, कारण हजारपट चूक येथेच होते आणि ती डिस्चार्ज गुणांकाच्या (प्रत्यक्ष आणि सैद्धांतिक प्रवाहाच्या गुणोत्तराच्या) आड लपून राहते.

मग संपूर्ण साखळीची एकच परीक्षा घ्यावी. घनतेचे इनपुट तात्पुरते १.२४२ वर स्थिर करावे, डीपीला १०.४ मिलिअँपिअर द्यावेत म्हणजे १.० किलोपास्कल होईल, दाबाला ८ मिलिअँपिअर आणि तापमानाला ११३.६१ ओहम. माझ्या हिशोबाने डिस्चार्ज गुणांक ०.६०८, प्रसरण गुणांक ०.९९७५ आणि वस्तुमान प्रवाह ताशी १,३१४ किलो येतो. हवेचा दाब ९३.२ भरलेला असेल तर ओला प्रवाह ताशी १,०९४ नॉर्मल घनमीटर आणि कोरडा १,०४२ यावा. अर्ध्या टक्क्याच्या आत जुळले तर कॉन्फिगरेशन बरोबर आहे. न जुळल्यास मधले आकडे, म्हणजे डिस्चार्ज गुणांक आणि प्रमाण घनता, पाहावेत. चूक कोठे आहे ते त्यांवरून लगेच कळते. परीक्षा संपल्यावर स्थिर केलेली घनता पुन्हा प्रत्यक्ष मोजणीवर आणायला विसरू नये.

आउटपुटबद्दल थोडेच लिहितो. कन्व्हर्टरचा ४-२० मिलिअँपिअर आउटपुट ० ते २,००० नॉर्मल घनमीटरला बांधला असेल, तर स्काडामध्येही (कंट्रोल रूममधील संगणक प्रणालीतही) तीच रेंज हवी. मॉडबसवरून (उपकरणांमधील डिजिटल संदेशपद्धतीवरून) आकडा घेत असाल आणि तो अर्थहीन दिसत असेल, तर प्रथम दोन रजिस्टरांचा क्रम उलटा करून पाहावा. घनतामापकाचा सिग्नल गेल्यास कन्व्हर्टर पर्यायी घनता वापरतो; ती १.२४ ठेवावी, पण त्याबरोबर अलार्म वाजलाच पाहिजे आणि आउटपुट ३.६ मिलिअँपिअरवर जावा की चालू राहावा, हे बॉयलर चालवणाऱ्यांशी आधी ठरवावे. घनतामापकाच्या लूपमध्ये झेनर बॅरियर असेल तर त्याच्या अर्थिंगचा रोध एक ओहमच्या आत मोजून घ्यावा आणि केबलचे शील्ड एकाच टोकाला जोडावे; कंपनकालात मधूनच उडी दिसत असेल तर त्याचे कारण बहुधा तेथेच मिळते.

सर्व जुळल्यावर कन्व्हर्टरची संपूर्ण सेटिंग्ज फाइल दोन ठिकाणी जतन करावी आणि छापील प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून पॅनेलच्या दाराच्या आत लावावी. त्यावर घनतामापकाचा अनुक्रमांक, भरलेला हवेचा दाब आणि तो कसा मोजला, नायट्रोजनवरील वाचन आणि वरच्या परीक्षेचे तीन आकडे, तारखेसह लिहावेत. त्यानंतर व्हॉल्व्ह बंद ठेवण्याची संधी मिळेल तेव्हा एकदा पहाटे आणि एकदा भर दुपारी शून्य पाहावे. पहाटे ठीक आणि दुपारी सरकलेले आढळल्यास इम्पल्स लाइनवर ऊन येते आहे किंवा तिच्यात पाणी आहे असे समजावे, आणि दोन्ही वाचने मला कळवावीत.